आकाशगंगेला कोरम नाही

परत येताना विमानात मी काय काय रंगवलं होतं! मुलगी नेदरलँड्सला खगोलशास्त्र शिकून आली म्हटल्यावर एव्हरशाईन सिटीतली आमची सोसायटी विचारणार, "काय गं, या आकाशगंगेत आपण एकटेच का?" मी उत्तरंसुद्धा घोकून ठेवली होती.

प्रत्यक्षात लोकांनी विचारलं, "तिकडे पाणी चोवीस तास येतं का?"

तेवढ्यावर हार मानेन तर मी कसली! ठरवलं, गच्चीच्या कोपऱ्यात एक छोटा अँटेना लावायचा. परग्रहावरचा निरोप त्यात येणार नाही, हे मलाही कळतं. पण आकाशगंगेची खरखर ऐकू येते हो! ती ऐकून सोसायटीतल्या एखाद्या तरी पोराला प्रश्न पडेल की नाही?

अडचण एकच. गच्चीवर एप्रिल-मेमध्ये राज्य राणेकाकूंचं. शेवटच्या मजल्यावर राहतात. पापड, सांडगी मिरच्या, आमसुलं, सगळं तिथेच वाळतं. परवानगी मिळणार ती वार्षिक सभेत. हुकली, की पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसा.

रविवारी सकाळी दहाला मी पार्किंगमध्ये हजर. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. सेक्रेटरी नाईककाका तेवढे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, खुर्च्या पाहिल्या.

"कोरम नाही. सभा तहकूब," म्हणाले आणि निघून गेले चहाला.

तहकूब! म्हणजे वर्ष गेलं? लिफ्टकडे पाहिलं, कोणी नाही. जिन्यात पावलं वाजतात का ऐकलं, नाही. माझे सख्खे बाबासुद्धा नाहीत! पंचवीस मिनिटं मी एकटी बसून तापत होते. मग फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं:

"आकाशगंगेत बुद्धिमान जीव असण्याची शक्यता भरपूर आहे. या इमारतीत मात्र एकही नाही, हे आज सिद्ध झालं."

मेसेज पाठवला. काय गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत पाच जण. पाठोपाठ जिन्यावरून चपलांची फटफट. नाईककाका चहा संपवून परत. शेवटी बाबा, पोहे खाऊन, मिशी पुसत.

"बाबा! सभा रद्द झाली ना?"

"रद्द कशाला? अगं, पहिल्या सभेला कोण येतं! कोरम नसला की अर्धा तास तहकूब. नंतरच्या सभेला कोरम लागत नाही. सगळे तेव्हाच येतात. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत! घाईघाईने फोन काढला. नेमकं दाबलं गेलं 'फक्त माझ्यासाठी डिलीट'. मेसेज माझ्या फोनवरून पुसला गेला. बाकी सगळ्यांच्या फोनवर सुखरूप!

टिंग. टिंग. एकेक मान खाली जात होती आणि एकेक मान माझ्याकडे वळत होती.

"विषय पाचवा, अँटेना," नाईककाका म्हणाले. "बोल बाई. इथे बुद्धिमान कोणी नाही, जरा सोपं करून सांग."

मी उभी राहिले. विषय माझा होता. कोट्यवधी तारे, त्यांच्याभोवतीचे ग्रह... बोलता बोलता रंगले. चेअरमन सावंतकाकांनी हात वर केला.

"एवढे असतील, तर अजून एकाचाही आवाज कसा नाही?"

"काका, आवाज नाही म्हणजे कोणी नाही असं थोडंच आहे! आपण ऐकायला लागून असा किती काळ झालाय? धीर धरायला हवा. घाईघाईने निष्कर्ष..."

आणि मला माझाच मेसेज आठवला.

"आणि तुझो धीर अर्धो तास पण टिकाक नाय गो!" राणेकाकू म्हणाल्या.

मग जे हसले सगळे! बाबासुद्धा. बाबा तर सगळ्यात जास्त.

सावंतकाकांनी डोळे पुसत निकाल दिला, "राणेबाईंनी हो म्हटलं, तर आमची हरकत नाही." काकूंनी पदर खोचला आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात. माफी मागितली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अँटेना लाव. पण कावळे पापड नेतात. मे संपेपर्यंत रोज सकाळी राखण करशील?"

मी तिथल्या तिथे ठरवलं, करायची. काठी घेतली, गच्चीवर जाऊन बसले. कावळे कठड्यावर रांगेने बसून माझं निरीक्षण करत होते. बुद्धिमान जीव हो! पहिला पापड उचलण्याआधीच त्यांनी ओळखलं होतं, ही काही उठणारी नाही, ही नुसती वर बघत बसणार.