झिजलेला स्क्रू मी बदलला नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. धातू कापायचं मिलिंग मशीन मात्र मी असं चालवायचो की ठाण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या कारखान्यांतले लोक मला विचारायला यायचे. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे.

ऐंशी सालानंतर कधीतरी आमच्या कंपनीत पहिलं सीएनसी मिलिंग आलं, आकड्यांच्या हुकमावर आपोआप चालणारं, विलायती. कागदी पट्टीला भोकं पाडून त्याचा प्रोग्राम भरायचा. त्याच्या मागोमाग एक इंजिनिअर आला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात त्याने कंट्रोलच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्या, कपाटाभोवती जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारून घेतली आणि सगळ्या कामगारांसमोर मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही जॉब बांधायचा आणि सोडायचा. रेघेच्या आत यायचं नाही. आतलं काम शिकलेल्यांचं."

मी रेघेच्या बाहेर सहा वर्षं उभा राहिलो.

पण मशीन बाहेरूनही ऐकू येतं. सगळे जॉब, म्हणजे कापायचे तुकडे, टेबलाच्या मधोमध बांधले जायचे, त्यामुळे टेबल सरकवणारा लांब स्क्रू मधोमधच झिजत गेला. टेबल तिथे आलं की आवाज बदलायचा, सैल दाढेसारखा. मी त्या इंजिनिअर साहेबाला सांगितलं, "साहेब, स्क्रू मधे खाल्लाय."

"स्क्रीनवर आकडा बरोबर येतोय ना?"

"येतोय."

"मग स्क्रू बरोबर आहे. तुम्ही बांधण्याकडे लक्ष द्या."

स्क्रीनवरचा आकडा मोटर किती फिरली ते सांगतो, टेबल किती सरकलं ते नाही. एवढं चौथी शिकलेल्याला कळत होतं. मग एकदा प्लेटांचा सगळा लॉट परत आला. प्लेटला भोकांची रांग होती, दोन्ही टोकांची भोकं बरोबर, मधली चुकलेली. साहेबाने केबिनमध्ये बोलावून इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "सही करा, नुसती फॉर्म्यालिटी आहे." मी केली. मला सही येते याचाच तेव्हा अभिमान होता.

त्याची कॉपी मी घरी आणली. बायको माझी मॅट्रिक, कल्याणच्या शाळेत शिकलेली. तिने डिक्शनरी घेऊन तो वाचला.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, तुम्ही जॉब नीट बांधला नाही म्हणून माल वाया गेला. आणि ते तुम्हाला मान्य आहे."

"मान्य कोणी केलं?"

"अहो, सही तुमचीच आहे ना ही?"

मला मिलिंगवरून काढून ड्रिलवर बसवलं. ज्याचा हात लोक बघायला यायचे, तो दिवसभर ड्रिलचा दांडा खाली ओढत बसला. चार महिन्यांनी नोकरी सोडली. डोंबिवली एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला, जुनं हाताने चालवायचं मिलिंग टाकलं आणि पोट भरलं. पण तो कागद डोक्यातून गेला नाही. अंघोळ करतानासुद्धा मी त्या माणसाशी भांडायचो.

नव्वदनंतर त्या ठाण्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला. मशिनरी भंगारात निघाली असं कळलं तसा दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. ते मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. कंट्रोलच्या कपाटात उंदरांनी घर केलेलं, वायरी कुरतडलेल्या. मी कंट्रोलकडे बघितलंच नाही. खाली वाकून स्क्रूवर हात फिरवला. तोच होता, कोणी बदलला नव्हता. भंगाराच्या भावाने विकत घेऊन, ट्रेलरवर घालून शीळफाट्यावरून मशीन माझ्या गाळ्यात आणलं तेव्हा बायको दारात उभी होती. म्हणाली, "वरात आली म्हणायची."

आता त्याला नवा कंट्रोल घालायचा होता. ज्याला त्याला विचारलं, जो तो म्हणाला, आधी स्क्रू बदल, मग कुठलाही साधा कंट्रोल बसव, विषय संपला. बायकोही तेच म्हणाली. मी म्हटलं, "स्क्रू बदलला तर मी खोटा ठरतो. तो माझा साक्षीदार आहे."

"साक्षीदाराला कपाटात ठेवा आणि मशीनला नवा घाला."

"कपाटातला स्क्रू काही बोलत नाही. टेबलाखालचा बोलतो."

म्हणजे कंट्रोलच असा पाहिजे होता, ज्याला हा झिजलेला स्क्रू चालेल. बरेचसे कंट्रोल ढिलाईचा एकच आकडा घेतात आणि तो सगळ्या लांबीला लावतात. माझा स्क्रू टोकांना सरळ आणि मधे वाकडा चालणारा. मला इंचा-इंचाला वेगळी दुरुस्ती, म्हणजे टेबल किती जास्त सरकवायचं तो आकडा, भरता आली पाहिजे. बायकोने तीन कंपन्यांना पत्रं लिहिली, मी एकच प्रश्न सांगितला: दुरुस्तीचा आकडा एकच, की जागोजागी वेगळा?

एका कंपनीचं उत्तरच आलं नाही. दुसरी दक्षिणेकडची, देशी. तिने लिहिलं, जागोजागी भरता येतो, आकड्यांचा तक्ता जोडला आहे. तिसरी परदेशी मालाची एजन्सी. तिने लिहिलं, आमचा माणूस भेटायला येईल. खाली सही होती. बायकोने नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"अहो, हा तोच."

मी त्याच दिवशी कल्याणच्या बाजारात गेलो आणि पिवळ्या रंगासाठी तीन दुकानं फिरलो. शेड तीच पाहिजे होती.

तो आला. टाय, बॅग, पोट सुटलेलं, केस गेलेले. "नमस्कार शेठ," म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी मनात भांडलो, त्याच्या ते लक्षातही नव्हतं. हे मला त्या कागदापेक्षा जास्त लागलं.

तो मशीनकडे निघाला. मी म्हटलं, "साहेब, रेघेच्या बाहेर उभं राहायचं."

त्याने खाली बघितलं. रंग अजून चिकट होता, वास येत होता. मग मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही... ठाण्याला होतात?"

"होतो. बाहेरच्या बाजूला."

तो हसला, पण हसू काही जमलं नाही. लगेच कॅटलॉग उघडून बोलायला लागला. खोटं सांगत नाही, त्याचा कंट्रोल चांगला होता. देशीपेक्षा चांगला. मी म्हटलं, "स्क्रू मधे झिजलाय. दुरुस्ती जागोजागी भरता येते का?" त्याला माहीत नव्हतं. त्याने माझ्यासमोर जाडं पुस्तक चाळलं, बोट ओळींवरून फिरवत, आणि दहा मिनिटांनी म्हणाला, "येते, येते. पण शेठ, स्क्रू झिजलाय कशावरून?"

याच प्रश्नासाठी मी थांबलो होतो.

"आता या आत," मी म्हटलं. "हात लावा."

स्क्रूच्या टोकाला मी हँडल बसवलेलं. दहा फेरे म्हणजे टेबल शंभर मिलीमीटर सरकलं पाहिजे. मोजायला शंभरचा ठोकळा आणि बारीकसा फरक काट्यावर दाखवणारी डायल. डायलची नवी डबी त्याच्यासमोर फोडली आणि म्हटलं, "फेरे तुम्ही मारा. नाहीतर म्हणाल, मिस्त्रीने नीट बांधलं नाही."

त्याने डाव्या टोकाला दहा फेरे मारले. काटा शून्यावर. मधोमध दहा फेरे मारले, काटा नव्वद मायक्रॉन मागे, एका केसाच्या जाडीएवढा. त्याने रुमालाने कपाळ पुसलं आणि मी न सांगता परत मारले. परत नव्वद. उजव्या टोकाला शून्य.

"किती आले?" मी विचारलं.

"नव्वद."

"मोठ्याने."

"नव्वद म्हटलं ना!"

मी खिशातून कागद काढला. मराठीत, बायकोच्या अक्षरात. यात मला एक शिवीही घालायची होती, पण ती म्हणाली, शिवी असलेल्या कागदावर कोणी सही करत नाही. कागदावर एवढंच होतं: "या मशीनचा स्क्रू मधोमध झिजलेला आहे. ठाण्याला प्लेटांची भोकं चुकली ती यामुळे. बांधणाऱ्याची चूक नव्हती."

त्याने दोनदा वाचला. "याची गरज आहे का? इतकी वर्षं झाली."

"वाचून सही करताय तुम्ही. मला ती सोय नव्हती."

त्याने सही केली. पेन बंद केलं, बॅग उचलली, मग जरा उजळ चेहऱ्याने म्हणाला, "मग ऑर्डर कधी पाठवताय शेठ?"

"कंट्रोल काल ठरला. दुसऱ्यांचा."

"तुम्ही चूक करताय. त्याचे स्पेअर मिळणार नाहीत. आमचा जास्त चांगला आहे, तुम्हालाही कळतंय ते."

"कळतंय," मी म्हटलं.

मग जाताना पिवळ्या रेघेवर पाय पडू नये म्हणून त्याने पाऊल लांब टाकलं. ते बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं मुलीच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आता झालं समाधान?"

"अर्धं."

"उरलेलं अर्धं?"

"त्याने मला ओळखलं नाही, त्याचं काय करू?"

देशी कंट्रोल बसवला. दर इंचाला डायल लावून दुरुस्तीचा आकडा मी घेतला, कंट्रोलमध्ये बायकोने भरला. तिला रेघेच्या आत यायला मोकळीक होती. पहिल्या प्लेटची मधली भोकं टोकांच्या भोकांइतकीच बरोबर आली. तो म्हणाला तसंच पुढे झालं, स्पेअर मिळाले नाहीत, आणि मे महिन्यात कंट्रोल तापून बंद पडायचा म्हणून कपाटाचं दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावावा लागायचा. पाच-सहा उन्हाळे मी त्या फॅनसमोर काढले. त्याच्या कंट्रोलला फॅन लागला नसता. तरी तो परत दारात आला असता तर मी परत हेच केलं असतं.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवतात. माझ्याकडे नकाशाच्या वर तो कागद चिकटवलेला होता. दार उघडं म्हणून येणारा प्रत्येक इलेक्ट्रिशियन आधी तो वाचायचा आणि विचारायचा, "काका, ही सही कोणाची?"

मी नाव सांगायचो, पूर्ण, आडनावासकट.