चार टमाटर आणि मामंजींचं नाक

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पोह्यांची बशी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाये." एवढंच. आईनं ते मनाला लावून घेतलं. पोहे बरे नव्हते तर बशी कशी संपवली, आणि बरे होते तर तोंडातून एक चांगला शब्द का निघू नये, यावर आमच्या घरी बरेच दिवस खल चालला. लग्न तरीही झालं. सासरी पहिल्यांदा पुरणपोळी केली, तर त्यावरही मामंजी म्हणाले, "मीठ बरोबर हाये." तेव्हा मात्र मला राग आला. पुरणपोळीतल्या मिठाचं कौतुक जगात कोणी करत नाही.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि मला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. मामंजी शहराबाहेर वाडी भागात एका गोदामावर कामाला होते. आमच्या लग्नाच्या दोनेक वर्षं आधी पोत्यांच्या थप्पीवरून खाली आले आणि डोक्याला मागून मार बसला. जखम भरली, पण नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास गेला होता.

"आंबट, गोड, खारट, तिखट एवढं कळते त्याईले," सासूबाई म्हणाल्या. "कायचं हाये ते कळत नाही. डोये मिटून देलं तं वांगं हाये का दोडकं, सांगता येत नाही. खोटं बोलता येत नाही म्हून मिठाचं बोलतेत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वास परत येतो कधी, कधी येत नाही, वाट पाहा. वाट पाहणं हा मामंजींचा पिंडच नव्हता.

नाक गेल्याचं एवढं दुःख का, हे मला आधी कळलं नव्हतं. माणसं डोळ्यांशिवाय जगतात, मग वासाचं काय घेऊन बसलात, असं मी आपल्या मनाशी म्हणत असे. पण मामंजींचं मूळ गाव खापा. तिथे भावकीच्या शेतावर दर माघात देवाला रोडग्यांचा नैवेद्य असे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि सोबत मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी. ही भाजी पिढ्यानपिढ्या आमच्याच घरातला पुरुष करणार, असा रिवाज. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. चाखायचं नाही म्हणजे भाजी झाली की नाही, हे ठरवायचं कशावर? वासावर. वास घेतला तर देवाची हरकत नसते, असं गावानं आपसात ठरवून टाकलं होतं. मामंजी झाकण काढून गंजावर वाकत, लांब श्वास घेत आणि सांगत, "उतरवा." म्हणे, त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. अपघातानंतर ते काम त्यांच्या चुलतभावाकडे गेलं आणि मामंजींनी माघात खाप्याला जाणंच सोडलं. विचारलं की गुडघ्याचं कारण सांगत. गुडघे त्यांचे ठणठणीत होते.

माझ्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. शहरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर एक टमाटरचं झाड आपोआप उगवलं होतं. मामंजी त्याचे फुटवे खुडत होते. मिशीवरचा घाम पुसायला हात वर नेला आणि तसेच उभे राहिले. मग मोठ्यानं ओरडले, "वास आला!" आम्ही सगळे धावलो. तोवर गेला होता. पुन्हा पानं चुरगाळली, बोटं नाकात कोंबली, पण छे. पुढच्या पंधरवड्यात उन्हानं ते झाड वाळून गेलं. त्याला आलेली चार फळं सासूबाईंनी आधीच वरणात घातली होती. ते झाड कोणत्या जातीचं होतं, हे कोणालाच सांगता येईना.

पोळ्याच्या सुमारास मामंजींनी घरामागची जमीन खणायला घेतली. कोणत्या टमाटरनं आपलं नाक उघडलं, ते शोधून काढायचं, असा त्यांचा बेत होता. घरात जेवढ्या तऱ्हेचे टमाटर येत, तेवढ्यांचं बी मिळवून शेजारी शेजारी चार वाफे केले. दसऱ्याला रोपं लागली.

"काहून एवढे झाडं लावून राहिले तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "भाजीबाजार भरवता का दारात?"

"तू चूप राह्य वं. तुले नाक हाये," मामंजी म्हणाले.

पहिल्या वाफ्यात खाप्याचं देशी होतं. तिकडे त्याला भेदरं म्हणतात. लहान, चपटं, बटव्यासारख्या चुण्या पडलेलं. साल इतकी पातळ की तोडताना बोट लागलं तरी फुटे, आणि आंबट असं की डोळा आपोआप मिटे. दुसऱ्यात पाकिटातलं बी. पाकिटावर जसं चित्र तसंच फळ, गोल, मोठं, लालबुंद, पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं. खाल्लं की कळे, सगळी मेहनत रूपावर गेली आहे. तिसऱ्यात शेजाऱ्यांनी दिलेलं लांबुळकं. गर जाड, रस जेमतेम, आठ दिवस टोपलीत पडलं तरी ढिम्म. सासूबाईंना तेच आवडे, कारण चिरताना लुगड्यावर उडत नसे. चौथ्या वाफ्यात बाजारच्या टमाटरातून काढलेलं बी टाकलं होतं आणि त्या वाफ्यात एकाचं तोंड दुसऱ्याकडे नव्हतं. एका झाडाला गोल फळं, शेजारच्याला नाकाड, तिसऱ्याला नुसताच पाला. आमच्या ह्यांच्या चुलत घराण्यासारखं, असं मी एकदा म्हणाले आणि दोन दिवस अबोला सोसला.

थंडी पडली तशी फळं यायला लागली. देशी सगळ्यांत आधी पिकलं, आणि बोकड्या रोगही आधी त्यावरच आला. पानं मुरडून मुठीसारखी झाली. तरी वेडंवाकडं का होईना, फळ देत राहिलं. पाकिटातलं निरोगी होतं, पण उशिरा पिकलं, आणि देठाजवळ हिरवंच राहायचं. लांबुळक्याला अळी लागत नसे. सार करायला मला देशी लागे, चटणीला लांबुळकं चाले, आणि पाकिटातल्याचं काय करावं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात परीक्षा असे. मामंजी पाटावर बसत. आधी चारही वाफ्यांतली पानं एकेक करून चुरगाळत, हात नाकाशी नेत आणि मान हलवत. मग मी चारही टमाटरांच्या फोडी ताटलीत ठेवायची, वर मिठाची चिमूट. ते डोळे मिटून एकेक फोड चघळत. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचो.

"सिनेमा लागला काय इथं?" ते डोळे न उघडता म्हणत.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी त्यांनी पहिली फोड तोंडात घातली आणि म्हणाले, "हे आपलं खाप्याचं." बरोबर होतं. दुसरी, "लांबुळकं." बरोबर. तिसरी पाकिटातली, चौथी बाजारातली. चारही बरोबर. आमच्या ह्यांनी ताटली फिरवून पुन्हा दिली, पुन्हा चारही बरोबर. ह्यांचे डोळे भरून आले. ते वडिलांच्या पाया पडले. सासूबाई देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. मामंजी हसत होते. मी त्या घरात आल्यापासून त्यांना दात दाखवून हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता, पण माझा स्वभाव शंकेखोर. सगळे आत गेल्यावर मी उरलेल्या फोडी घेतल्या, डोळे मिटले, नाक चिमटीत घट्ट धरलं आणि एकेक तोंडात टाकली. देशीची साल टाळूला चिकटली. लांबुळकं कोरडं लागलं. पाकिटातलं नुसतं पाणी. राहिलं ते बाजारातलं. चारही ओळखू आले. इतके रविवार तेच चार टमाटर खाल्ल्यावर ओळखायला नाक लागतच नव्हतं.

मी ह्यांना तसं सांगितलं.

"तुले काय तरास होऊन राहिला त्याईचं नाक आलं तं?" हे म्हणाले.

खाप्याला निरोप गेला की यंदा भाजी मामंजी करणार.

माघातला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आम्ही बसनं खाप्याला गेलो, मामंजींच्या मांडीवर टमाटरांची टोपली. नदीकाठच्या शेतावर भावकी जमली होती. वांगी चिरून पाण्यात पडली होती, लसूण सोलून झाला होता, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ओल्या फडक्यात होत्या. पुतण्यांनी हट्ट धरला म्हणून मामंजींनी डोळे मिटून चार फोडी ओळखून दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावानं पळी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकून बसला. टोपलीतून फक्त देशी टमाटर निवडून मामंजींनी गंजात टाकले. पाकिटातल्या लालबुंद टमाटरांकडे बोट दाखवून कोणी विचारलं, हे का नाही? "ते पाहाले हायेत, खाले नाही," मामंजी म्हणाले, आणि सगळे हसले.

मी थोड्या अंतरावर बायकांबरोबर रोडगे वळत होते. लाकडं वाळलेली होती, जाळ जास्त झाला. मामंजी रंगात येऊन जुन्या रोडग्यांच्या गोष्टी सांगत होते. आणि मला वास आला. धुराचा नव्हे, करपल्याचा. मी वर पाहिलं. शेजारच्या बाईचे हात थांबले होते. चुलतभावानं मान खाली घातली. हे नदीकडे पाहायला लागले. एकेक करून सगळ्यांचं बोलणं बंद झालं, फक्त मामंजींचं चालू होतं.

मग मामंजी उठले. झाकण काढलं, गंजावर वाकले, सगळं तोंड त्या वाफेत घातलं आणि पूर्वीसारखा लांब श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले. "आता आली भाजी रंगात."

मी कणकेच्या हातांनीच उठून गेले आणि म्हणाले, "मामंजी, भाजी खाली लागली."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवतं. मामंजींनी पळी तळापर्यंत घालून वर काढली. काळं आलं. ते पळीकडे पाहत राहिले.

"लय वेळ झाला काय?"

"थोडा झाला."

त्यांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. "अन् तुम्ही सारे बसून राहिले गा?"

मामंजी गंजाशेजारी खाली बसले. "मले वाटलं," ते हळू म्हणाले, "चव ओयखू येऊन राहिली, तं वास बी आलाच असंल. म्या बी कोणाले इचारलं नाही."

ते तसेच बसून राहिले असते तर माझ्यानं पाहवलं नसतं. पण वांगी होती, जाळ होता, देवाचा नैवेद्य राहिला होता. त्यांनी जाळ ओढायला लावला, दुसरा गंज मागवला, पळी तळाला न लावता वरची भाजी पळीपळीनं काढून घेतली. देशी टमाटर संपले होते. "पाकिटातले घाला," ते म्हणाले. "चव नाही त्याईले, पाणी तं हाये." मग पळी हातात धरून त्यांनी मला हाक मारली. "इकडं ये वं पोरी. बस इथं. म्या ढवळतो, तू वास घे अन् मले सांग."

सगळ्या भावकीपुढे मी सून त्या गंजापाशी पुरुषांच्या जागेवर बसले. वाकले. वास घेतला. लसूण होता, सांबार होता, खालून करपल्याचा एक बारीक धागा होता, आणि या सगळ्यात टमाटर कुठेतरी होता. पण ते शब्दांत कसं सांगावं, मला सुचेना.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "म्या असंच म्हणतो, तवा तुले राग येते ना? नीट सांग."

मी पुन्हा वाकले आणि एकेक करून सांगायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते आणि ढवळत होते. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच सांगितलं, "उतरवा."

त्यांचं नाक परत आलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्यांनी एकच वाफा केला, देशीचा. रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हा एकदा मी धुणं वाळत घालत होते. त्यांनी वाफ्यात वाकून एक पान खुडलं, तळव्यावर चुरगाळलं आणि सवयीनं हात नाकाकडे न्यायला लागले. अर्ध्या वाटेवर थांबले, आणि तो हिरवा तळवा माझ्यासमोर धरला.

"सांग," म्हणाले.