ताईची मान

केतकीचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात सुकटीचा भाव करत होते. "मावशी, आई उठत नाहीये," एवढंच ती बोलली. रिक्षा करून मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी जेवून ताई आडवी झाली ती झालीच. हृदयविकाराचा झटका, साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, असं डॉक्टर सांगून गेले. त्याला आता महिना उलटला. भेटायला येणारे अजून म्हणतात, शैला कशी अचानक गेली. मला ते ऐकवत नाही. अचानक काही नव्हतं... ताईच्या अंगावर ते लहानपणापासून दिसत होतं, आणि आम्ही सगळे त्याला मळ म्हणत होतो.

आमचं माहेर कर्नाळ्याच्या बाजूचं, भातशेतीवाल्या आगऱ्यांचं. घरात गोरं म्हणावं असं कुणीच नाही, त्यामुळे ताईच्या काळ्या रंगाचं कुणाला अप्रूपही नव्हतं आणि दुःखही. पण ती न्हाती झाली आणि सगळं बदललं. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. माझ्याही येत, पण आठवड्यात जात. तिची पुटकुळी जायची आणि मागे काळा डाग ठेवून जायची, तो महिनोन् महिने मुक्कामाला. पाळीचा तर काही नेमच नव्हता. मग मान काळवंडली, काखा काळवंडल्या, कातडी जाड झाली. आईला वाटलं, पोरगी अंघोळीची आळशी आहे. दर रविवारी ती ताईला मोरीत बसवायची आणि टाचा घासायच्या वजरीनं तिची मान घासायची. "मानंवर मल बसलाय, लोकं आमालाच नावं ठेवतील," म्हणायची. आई दुष्ट नव्हती. पोरीचं लग्न जमावं एवढीच तिची तळमळ होती. जितकं घासलं तितकी मान काळी पडत गेली, आणि आई तितकं आणखी घासत गेली.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. ताईच्या हळदीच्या दिवशी सकाळी आईनं लिंबू आणि सोडा लावून तिची मान अशी घासली, की कातडी सोलली. संध्याकाळी गाणी सुरू झाली, बायांनी ओली हळद मानेला फासली आणि ताई रडायला लागली. माहेर सुटतंय म्हणून रडते, असं समजून सगळ्या बाया तिच्याबरोबर रडल्या. तिच्या मानेची आग होत होती, हे तिनं मला पुढे कित्येक वर्षांनी हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

लग्नानंतर ती पनवेलात राहायला आली. दिवस राहिले तसे दोन्ही गालांवर वांग उठले, पोटावर काळी रेघ उमटली. रेघेवरून सासूनं मुलगा सांगितला होता, झाली केतकी. रेघ पुसट झाली, वांग मात्र गालावर राहून गेले. शेजारणीनं कुठलीशी गोरं करणारी ट्यूब दिली, तिनं आधी उजळलं आणि मग चेहरा असा भाजून निघाला की ताईनं आरशाकडे बघणंच सोडलं. "आपल्या कातडीला सगळं लक्षात राहतं बाई," म्हणायची.

केतकी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि तिचीही मान काळवंडायला लागली. आई त्या वेळी पनवेलला राहायला आली होती. तिनं सवयीनं नातीला मोरीत बोलावलं. ताई आयुष्यात कधी आईपुढे बोलली नव्हती. त्या दिवशी मोरीच्या दारात आडवी उभी राहिली. "माझी घासलीस तेवढी पुरे," म्हणाली, आणि पोरीला घेऊन तडक कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी सोबत होते. बाईंनी केतकीची मान नुसती पाहिली, पाळीचं विचारलं आणि म्हणाल्या, हा मळ नाही. शरीरातलं इन्शुलिन वाढलं की सावळ्या कातडीवर ते असं उठून दिसतं, घासून आणखी वाढतं. रक्त तपासा, वजनाकडे बघा. मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि तिलाही तपासून घ्यायला सांगितलं. ताई नुसती मान हलवून उठली.

केतकीची तपासणी झाली, औषधं झाली, खाणंपिणं बदललं. तिची पाळी रुळावर आली, मानही हळूहळू निवळली. स्वतःचं मात्र ताईनं ऐकलं नाही. मी किती वेळा मागे लागले. "माझी मान जन्माचीच तशी. पोरीची वाचली ना?" हे तिचं ठरलेलं उत्तर. पुढे पाळी जायच्या वयात अंग कोरडं पडलं, खाज सुटायची, खाजवलं की तिथं काळे ओरखडे राहायचे. घामानं थबथबून पंख्याखाली बसायची. सतत तहान लागायची, तेही ती वयावर ढकलायची... मला तिचा राग येतो. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो.

सवाष्ण गेली, म्हणून शेवटच्या अंघोळीला हळद आणली. बायांनी ताईला पाटावर धरलं. आमची आई, ऐंशीच्या घरातली, काठी टाकून पुढे आली. पोरीला मीच न्हाणार म्हणाली. तोंड धुतलं, हात धुतले, आणि ओला पंचा घेऊन ती ताईची मान घासायला लागली. पूर्वीसारखीच, जोर लावून. "सवच्छ जाऊ दे माझी पोर," पुटपुटत होती. केतकीनं खाली बसून तिचा हात धरला.

"आजी, तो मळ नाही गं. कधीच नव्हता."

आईनं पंचा सोडला. उघडा तळवा लेकीच्या मानेवर ठेवला. मग आमच्याकडे बघून तिनं विचारलं, "मंग इतकी वर्सं मी काय घासत व्हते?"

आता आई केतकीकडेच असते. सकाळी केतकी केस वर बांधून ऑफिसला निघते, तेव्हा आई तिला दारात थांबवते आणि तिच्या मानेवरून एकदा हात फिरवते, अगदी हलक्या हातानं. केतकीची बस चुकते कधीकधी. तरी ती थांबते.