बसक्या आवाजाचा वर्ग

दुसरीच्या बाईंचा आवाज एकदम गेला नाही. भाड्याच्या घरातलं सामान हलवावं तसा तो थोडाथोडा गेला. आधी गाणं गेलं, मग हाक, मग रागावणं. उरली ती नुसती बिजागरीची कुरकुर.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मान हलवली. "शिकवणं बंद करा. गेलेला आवाज काही परत यायचा नाही, उरलाय तो तरी राखा."

"शिकवायचं नाही तर मी करू काय?" बाईंनी विचारलं. डॉक्टरांना ऐकूच गेलं नाही. ते पुढच्या पेशंटला हाक मारत होते, चांगली खणखणीत.

घरी थोरली बहीण होती. दोघी बिनलग्नाच्या, एका छपराखाली. "तू आपली गप्प बस. दोघींचं मी बोलते," ताई म्हणाली.

"आजवर वेगळं काय चाललं होतं?" बाई कुजबुजल्या.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

शाळेत त्यांनी सर्दी सांगितली. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मागे एक 'काय' लटकलेला असे आणि त्याला उत्तर नको असे. "सर्दी म्हणे! उन्हाळा गेला, थंडी गेली, तुमची सर्दी जायचं नाव घेईना, काय? साहेब तपासणीला येतायत. दुसरी कुणाकडे राहील ते तेव्हाच ठरेल, काय?"

बाईंनी मान डोलावली. दुसरीचा वर्ग गेला तर त्यांच्याकडे उरणार होती फक्त ताईची बडबड.

त्या वर्षी दुसरीला माहितीचे उतारे होते. उतारा वाचायचा आणि आत माहिती कशी रचलीय ते ओळखायचं. बोलणं वाचावं म्हणून बाईंनी खुणा काढल्या. दोन बोटं दुसऱ्या हातावरून चालवली की क्रम: आधी हे, मग ते. तळव्यावर मुठीचा टोला म्हणजे कारण आणि परिणाम. दोन तळवे तराजूसारखे वरखाली झाले की तुलना. हवेत दोरीची गाठ सोडली की अडचण आणि उपाय. 'थंडी पडली म्हणून नळातलं पाणी गोठलं,' असं कुणी वाचलं की अख्खा वर्ग तळव्यावर मुठी आपटायचा. धप्प! शेजारच्या वर्गातून भिंत ठोकली जायची.

"बाई, कोंबडी अंड्यावर बसते, मग पिल्लू बाहेर येतं. हे चालायचं की टोल्याचं?" भिंगरीने विचारलं. बुड बाकाला टेकत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

बाईंनी बोटं चालवली, मग मूठ आपटली. "कधीकधी दोन्ही असतं."

मुलं खुणा शिकली आणि सोबत आवाजही उचलला. मोठ्याने वाचा म्हटलं की सगळ्या वर्गाचा घसा बसे. रडणारं पोरसुद्धा बसक्या आवाजात रडे.

एकदा बाई फळ्याकडे वळून म्हणाल्या, "परी, राक्षस, बोलणारा उंदीर, सगळे गोष्टीत. माहितीच्या उताऱ्यात थाप चालत नाही."

"मग बाई, तुमची सर्दी माहिती आहे की गोष्ट?"

भिंगरीच. खडू हातात तसाच राहिला. एवढं शिकवून झाल्यावर आता थाप कुठल्या तोंडाने मारायची?

"गोष्ट," बाई म्हणाल्या.

"खरा आवाज कधी येणार?"

"नाही येणार."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग आपण हळू बसू या." त्या दिवशी बाकसुद्धा वाजलं नाही.

साहेब आले. "हं, मुलांनो, हं, मोठ्याने वाचा बघू." अख्खा वर्ग बिजागरीसारखा कुरकुरला. साहेब दचकले. "ही कसली साथ?"

"सर्दी, साहेब, काय, सर्दी!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बरं. हं. कारण आणि परिणामाचं एक उदाहरण द्या. पुस्तकातलं नको, स्वतःचं."

भिंगरी उभीच होती. "आमच्या बाईंचा आवाज गेलाय आणि तो परत येणार नाही, म्हणून आम्ही हातांनी शिकतो." धप्प!

"वा! अगदी बिनचूक," साहेब म्हणाले, आणि मग सावकाश बाईंकडे वळले.

बाईंचा ऊर आधी भरून आला. पायाखालची जमीन त्यानंतर सरकली.

नव्या वर्षी दुसरीला नवी बाई आली, घंटेसारख्या आवाजाची. जुन्या बाईंना जिन्याखालची खोली मिळाली. कोरे कागद मोजून द्यायचे, हरवलेले डबे सांभाळायचे. तिथे बोलावं लागत नव्हतं. वरून नव्या बाईंचा आवाज अक्षरन् अक्षर ऐकू येई.

एक दिवस भिंगरी दारात येऊन उभी राहिली. न हलता. तिसरीत गेली तरी आवाज बसकाच.

"बाई, मी बोलले, आणि..." तिने मूठ तळव्यावर टेकवली. आपटली नाही.

बाईंनी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. दोन बोटं काढली आणि मनगटापासून कोपरापर्यंत चालवत नेली. आधी हे झालं, मग ते. बस. एवढंच.

भिंगरी त्या बोटांकडे बघत राहिली. वर तास सुरू झाला.

"पण बाई," ती हळूच म्हणाली, "कधीकधी दोन्ही असतं ना?"

बाईंची बोटं कोपरावर थांबली. त्यांनी उत्तराऐवजी एक कोरा कागद उचलला आणि भिंगरीच्या हातात दिला. भिंगरीने कागद मागितला नव्हता. तरी ती तो घेऊन गेली.