दहा लाख नऊ आणि सूर्यभान मास्तरांच्या मिशा

मिरजगावचे सूर्यभान मास्तर शाळेत पाढे शिकवीत. त्यांच्याविषयी सांगितले जाणारे बरेचसे पडताळणीला उतरत नाही. मात्र १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांनी मिशा उतरवल्या, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो कारणाविषयी.

खरे कारण एक संख्या होती. एक आणि स्वतः यांखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. लहान मूळ संख्या कोणालाही सापडतात. मास्तरांना आपल्या गावची एक मोठी हवी होती. दहा लाखांत त्यांनी नऊ मिळवले. नऊच का, तर तो आकडा त्यांना भरदार वाटे. मग बेपासून तिसापर्यंतचे सगळे पाढे लावून पाहिले. दर वेळी बाकी उरली. शाळेत पाढे तिसाशी संपत. मास्तरांच्या लेखी भाजकही तिथेच संपले.

बाजारच्या दिवशी चांदभाई शिंप्यांच्या दुकानात त्यांनी हे जाहीर केले.

"मास्तर, माज्या कातरीला दाद न देनारं कापड अजून यायचंय," चांदभाई म्हणाले. "तुमचा आकडा कोन लागून गेला?"

"कापून दाखवा. मिशा उतरवीन."

मिशा झुपकेदार होत्या आणि वर्गातील शिस्त बहुतांशी त्यांच्यावरच चाले. दुकानात जमलेल्यांनी पाठ असलेले सगळे पाढे खर्ची घातले. आकडा हलला नाही. शेवटी चांदभाईंनी सहज विचारले, "एकतिसानं बघितलं का?"

"एकतिसाचा पाढा कुणाला येतो?"

दुकान हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिरा.

हजाराचा वर्ग दहा लाख. म्हणून भाजक असलाच, तर जोडीतला धाकटा हजाराच्या आतच सापडतो. हा नियम मास्तरांना ठाऊक होता, वापरण्याची वेळ आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या ओसरीवर पाटी घेऊन बसले. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस असे करीत दोनशे त्र्याण्णवला बाकी शून्य आली. भागाकार तीन हजार चारशे तेरा.

पाहणारे कोणी नव्हते. पाटी पुसता आली असती. मास्तर ती काखेत घेऊन न्हाव्याकडे गेले.

"कोन गेलं, मास्तर?" न्हाव्याने हळूच विचारले. आपल्याकडे मिशा उतरतात त्या आईबाप गेल्यावर.

"आकडा गेला."

दुःखाने माणूस काहीही बोलतो, असे न्हाव्याने मानले आणि बातमी पुढे धाडली. मास्तर घरी पोहोचले तेव्हा दारात माणसे खाली माना घालून बसली होती. त्यांच्यामधून वाट काढत मास्तरांच्या आई रंगुबाई हातात सूप घेऊन पुढे आल्या.

"मेल्या, मी जित्ती हाय की अजून!"

मास्तरांनी सर्वांना पाटी दाखवली. चांदभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. आमी समद्यांनी तिसापतुर लावून बघितलाय, कापत न्हाई. तुमचाच हिशोब चुकला आसंल."

दोनशे त्र्याण्णवचा पाढा म्हणून पाहण्यास कोणी तयार झाले नाही. त्यामुळे मिरजगावात दहा लाख नऊ ही संख्या आजही मूळ आहे, आणि मिशांचे कारण म्हणून सोनईच्या एका मावशीचे निधन सांगितले जाते. अशी मावशी असल्याचा पुरावा मला मिळालेला नाही.

मास्तरांनी नऊऐवजी तीन मिळवले असते, तर मिशा वाचल्या असत्या. दहा लाख तीन ही खरोखर मूळ संख्या आहे. पुढे कोणीतरी हे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी नव्याने वाढलेल्या मिशांवर तळहात ठेवला.

"असेल," ते म्हणाले. "पण पैज तुम्ही लावा."