कपाटामागची खिडकी

सहा वर्षांपूर्वी शाळेसमोरचा रस्ता मोठा झाला आणि ट्रकच्या धुळीमुळे माझ्या चौथीच्या वर्गाच्या त्या बाजूच्या खिडक्या आम्ही कायमच्या लावून घेतल्या; दारही लोटलेलंच असायचं. मागच्या एकुलत्या एका खिडकीला आधीपासूनच जुन्या पेपरांचं कपाट टेकलेलं होतं. दुपारी मुलं पेंगायची. मी त्यांना आळशी म्हणायचे आणि तोंड धुऊन यायला पाठवायचे.

परवा मधल्या सुट्टीनंतर मला ऑफिसात उशीर झाला. येऊन वर्गाचं दार ढकललं, तर घामाचा, डब्यांचा, खडूचा कोंदट वास अंगावर आला. त्यातच बसून पन्नास मुलं पाढे लिहीत होती. दम्याचा त्रास असलेली सानिका दारापाशी जमिनीवर बसली होती.

"इथं का गं बसलीस?"

"बाई, दाराखालून जरा हवा येते. तुम्ही येईपर्यंत मी रोज इथंच बसते."

हवा दिसत नाही, म्हणून तिची तक्रार कुणी करत नाही. मुलं तर नाहीच. त्यांना वाटतं, वर्ग असाच असतो.

शाळा सुटल्यावर शिपाईमामांना हाक मारली.

"बाई, कपाट ठेवायचं कुठं?" ते म्हणाले.

"व्हरांड्यात. भिजलं तर भिजू दे."

दोघांनी मिळून ते ओढलं. खिडकी उघडताच मैदानावरचा वारा आत आला. मी थकून सानिकाच्या बाकावर बसले. अर्ध्या तासाचं काम होतं. त्याला मला सहा वर्षं लागली.