ए शिफ्टचा डोंगर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या सगळ्या फजित्या तोंडपाठ आहेत. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही धोटेकाकांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी संशयी माणूस. भिलाईतल्या आमच्या छोट्या फाउंड्रीत कोण चहाला किती वेळ गेला, इथपासून माझी नजर. त्यात 'आर' नावाची आकड्यांचे चार्ट काढायची कॉम्प्युटरची भाषा शिकलो — म्हणजे व्हिडिओ बघून — आणि तिन्ही शिफ्टचे खराब निघालेले नग एका रंगीत एरिया चार्टवर काढले. ए शिफ्टचा रंग डोंगरासारखा सगळ्यांच्या वर. ए शिफ्ट धोटेकाकांची. एका दिवशी रजिस्टरात त्यांच्या शिफ्टचे खराब नग सहा, आणि चार्टवर रेघ तेवीसला टेकलेली! काका आकडे दाबतात — दुसरं काय? अहो, चार्ट त्याच रजिस्टरावरून, मीच टाइप करून काढलेला. एवढंही तेव्हा माझ्या डोक्यात येऊ नये?

मीटिंगमध्ये मी चार्ट सगळ्यांपुढे ठेवला. काका चष्मा पुसत म्हणाले, "मी दोनदा मोजून लिवलं न बाप्पा. हा एवढा पहाड कोनाचा?"

"कॉम्प्युटर खोटं नाही बोलत, काका," मी म्हणालो. साहेबांनी त्यांना भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

आठवड्याने कळलं. वेगळं सांगितलं नाही, तर आर एका शिफ्टवर दुसरी रचत जातो. वरची रेघ तिन्ही शिफ्टची बेरीज होती. 'पोझिशन'पुढे 'आयडेंटिटी' लिहिलं, म्हणजे एकावर एक रचू नकोस असं सांगितलं, रंग जरा पारदर्शक केले — तिन्ही डोंगर एकाच जमिनीवर आले, आणि ए शिफ्ट सगळ्यांत बुटकी. एका शब्दाचं काम. मी फाईलमधला जुना चार्ट गुपचूप बदलला आणि गप्प बसलो. भीती कशाची? लोक हसतील, एवढीच.

पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही. काका स्टोअरमधूनच रिटायर झाले. मरोद्याला त्यांच्या घरी मी अजून जातो. त्यांचा संशय बी शिफ्टच्या साहूवर — त्यानेच रजिस्टरात घोळ केला म्हणे. दोघं वर्षानुवर्षं एकाच स्कूटरवर कामाला यायचे. आता बोलत नाहीत. परवा साहूच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका टीव्हीवर तशीच पडली होती, न उघडलेली.

काका म्हणाले, "तूच सांग न — साहूच असन न?"

मी हो म्हणालो. आणि काकूंनी पुढे केलेली दुसरी करंजी घेतली.